कासचा हंगाम तोंडावर आलाय: डी७५०० ठेवू की मिररलेस घेऊ?

यवतेश्वर

राम राम मंडळी.

मी साताऱ्याचा, शाळेत शिकवतो. पावसाळा सरता सरता कास पठार, चाळकेवाडीचा सडा, सज्जनगडाच्या मागची कातळं इथं फुलांचे फोटो काढत फिरणं हा माझा छंद. हिवाळ्यात जमेल तसं मायणी आणि येरळवाडीच्या तलावावर पक्षी. हातात निकॉन डी७५०० हा डीएसएलआर आहे. लेन्स तीन: १८-१४०, ७०-३०० एएफ-पी आणि जुनी ६० मिमी मायक्रो (अगदी जवळून फोटो काढायची), ती एफ २.८ डी वाली. तिच्यावर माझा फार जीव आहे.

अडचण नेमकी सांगतो. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद ही सगळी मंडळी जमिनीपासून चार बोटं वर. कासला ठरलेल्या वाटेवरूनच चालायचं असतं आणि फुलं तुडवून फोटो काढणं मला स्वतःला पटत नाही. म्हणजे वाटेच्या कडेला उकिडवं बसायचं आणि कॅमेरा खाली धरायचा. तिथं व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला डोकं चिखलात घालावं लागतं. स्क्रीन वर करून लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे स्क्रीनवरच बघून, काढायला जावं तर फोकस पुढं-मागं पुढं-मागं करत बसतो, तेवढ्यात वारा सुटतो आणि फूल हलतं. वरून भुरभुर असतेच.

जुनं विकून वगैरे ८०-९० हजारांची जुळणी होईल. सगळे म्हणतात डीएसएलआर संपले. संपले म्हणजे काय झालं? माझ्या फोटोत खरंच फरक पडेल का, की तेच पैसे लेन्समध्ये घालू? ज्यांनी दोन्ही हाताळलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

कराडचा_पोरगा

सर, डोळे झाकून मिररलेस घ्या. वजन कमी, डोळ्यावर आपोआप फोकस, व्हिडिओ भारी. आता नवीन डीएसएलआर कोण घेतंय?

जुनी_रीळ

पोरा, डोळे झाकून कॅमेरा घेऊ नये, उघडे ठेवून घ्यावा.

गुरुजी, आधी फरक कुठं आहे ते बघू. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागं ४५ अंशात आरसा असतो. उजेड आरशावरून वर जातो, पेंटाप्रिझम नावाच्या काचेतून फिरून सरळ होतो आणि तुमच्या डोळ्यात येतो. मुख्य आरशाचा थोडा भाग उजेड आरपार सोडतो. त्याच्या मागं एक छोटा आरसा, तो उजेड खाली फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो. बटण दाबलं की दोन्ही आरसे बाजूला होतात, शटर उघडतं, फोटो निघतो. ही पद्धत रिळाच्या काळापासूनची. निकॉन एफ १९५९ चा, आणि त्यालाच लागणारी एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, आज तुमच्या डी७५०० वर आहे.

मिररलेसमध्ये हा सगळा मजला काढून टाकलाय. उजेड सतत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो, फोकसही सेन्सरवरच होतो, आणि तुम्ही बघता ते आत बसवलेल्या छोट्या पडद्यावर. पहिला असा कॅमेरा पॅनासॉनिक जी१, २००८ चा. निकॉन आणि कॅनन फुल फ्रेम (रिळाच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) मिररलेसमध्ये उतरले ते २०१८ साली.

आता तुमच्या कामाचं. डी७५०० मध्ये २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. निकॉनच्या मिररलेस झेड५० मध्ये, झेडएफसीमध्ये आणि नव्या झेड५०टू मध्येही २०.९ मेगापिक्सेलच आहे आणि सेन्सर त्याच घराण्यातला. म्हणजे त्याच लेन्सने, त्याच फुलाचा, त्याच उजेडात काढलेला फोटो शेजारी ठेवला तर कुठला कशाचा हे कुणी सांगू शकणार नाही. आरसा काढला म्हणून चित्र सुधारत नाही. चित्र काढायची पद्धत बदलते. ती बदललेली तुम्हाला हवी आहे का, एवढाच प्रश्न.

मला स्वतःला काचेतून बघायला आवडतं. कॅमेरा बंद असला तरी दिसतं. उन्हात डोळा लावला की समोर खरं ऊन असतं. पडदा कितीही चांगला असला तरी त्यावर दिसतं ते सेन्सरने आधी बघितलेलं आणि मग मला दाखवलेलं.

हळदबाजार

सांगलीत लग्नाची कामं करतो. हा पूर्णवेळ धंदा आहे, त्यामुळं माझं मत धंद्याच्या बाजूनं. माझ्याकडे कॅननचा ५डी मार्क ४ (डीएसएलआर) पण आहे आणि आर६ मार्क टू (मिररलेस) पण. सीझनमध्ये दोन्ही एकाच दिवशी गळ्यात असतात.

रीळकाका म्हणतात ते चित्राच्या बाबतीत बरोबर आहे. पण हातात आलेल्या फोटोंपैकी किती कामाचे, हा हिशेब वेगळा आहे. लग्नात दोन मिनिटं अशी असतात की ती परत मिळत नाहीत: अंतरपाट खाली येतो तेव्हा आणि हार घालताना. तेव्हा सगळे पाहुणे अक्षता टाकायला पुढं सरकलेले असतात, कुणाचा तरी मोबाईल मध्ये येतोच. ५डीवर मी फोकसचा मधला एक पॉइंट नवरीच्या डोळ्यावर धरतो, मग फ्रेम हलवतो. जमतं, हात बसलाय. पण एफ १.८ ला, म्हणजे लेन्स मोठी उघडलेली असताना, ती किंवा मी दोन इंच हललो की डोळा जातो आणि नथ शार्प येते. आर६ वर डोळा धरून ठेवायचं काम कॅमेरा करतो, मी फक्त फ्रेम बघतो. एवढं एकच कारण मला पुरेसं होतं.

पण तो चुकतो कुठं तेही सांगतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. मुंडावळ्या. कपाळावरून मोत्यांची सर गालावर येते, ती हलती असते, चमकती असते. नवरी मान खाली घालते तेव्हा सर डोळ्याच्या आडवी येते आणि फोकस मोत्यावर जाऊन बसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये चौकोन डोळ्यावरच दिसतो, म्हणून कळत नाही, घरी मोठं करून बघितल्यावर कळतं. म्हणून मान खाली असली की मी डोळ्याची ओळख बंद करून एक पॉइंट वापरतो, ५डीसारखाच. त्यासाठी एक बटणच ठरवून ठेवलंय.

दुसरं, आवाज न करणारं शटर. मंगलाष्टकं चालू असताना खटखट नाही, हे सुख मोठं. पण हॉलमध्ये एलईडी दिवे असतील तर त्याच शटरमध्ये फोटोवर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं तर बहुतेक दिवे सांभाळले जातात. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचं गणित मात्र वेगळं, तिथं यांत्रिक शटरच वापरा आणि आधी दोन फोटो काढून बघा.

तिसरं, फ्लॅश. स्टुडिओचे दिवे ट्रिगरवर लावले की मिररलेसचा पडदा काळाठिक्कर होतो. कारण तो एक्सपोजर जसं येणार तसं दाखवतो आणि फ्लॅश उडणार आहे हे त्याला माहीत नसतं. सेटिंगमध्ये जाऊन ते दाखवणं बंद करायचं. नवीन पोरं इथंच घाबरतात. जुन्या फ्लॅशमधून अंधारात फोकससाठी जी लाल जाळी पडायची, तीही मिररलेसच्या बहुतेक बॉडी वापरत नाहीत. रात्रीच्या वरातीत ५डी आणि जुना फ्लॅश अजून हुकमी.

बॅटरी: कंपनीच्या मोजणीत ५डी मार्क ४ चे एका चार्जमध्ये ९०० फोटो, आर६ मार्क टूचे व्ह्यूफाइंडरमधून ४५० च्या आसपास. प्रत्यक्षात दोन्ही जास्त जातात, पण प्रमाण तेच राहतं. नशीब एवढं की दोघांना एकाच घराण्यातली बॅटरी लागते.

मी बदलू शकलो त्याचं खरं कारण लेन्स. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स आर बॉडीला अडॅप्टर लावून जशाच्या तशा चालतात. अडॅप्टरमध्ये काच नाही, नुसती पोकळ नळी आणि संपर्काच्या पट्ट्या. ईएफमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सर ४४ मिमीवर, आरएफमध्ये २० वर. मधले २४ मिमी ती नळी भरून काढते. एकही लेन्स न विकता बॉडी बदलली. गुरुजी, तुमचं निकॉनचं तसं सरळ नाही. ते कुणी निकॉनवाल्यानं सांगावं.

पाणकावळा

निकॉनवाली मीच. मिरजेची, सागरेश्वर आणि येरळवाडी हे माझे नेहमीचे अड्डे.

सर, निकॉनच्या एफ लेन्स झेड बॉडीला लावायच्या अडॅप्टरचं नाव एफटीझेड. एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी, झेडचं १६. तुमची १८-१४० आणि ७०-३०० एएफ-पी दोन्हीत फोकसची मोटर लेन्समध्येच आहे, त्या व्यवस्थित चालतील. पण तुमची जिवाची ६० मिमी डी आहे. तिच्यात मोटर नाही. डी७५०० च्या बॉडीतला स्क्रू तिला फिरवतो, आणि तो स्क्रू एफटीझेडमध्ये दिलेला नाही. तिच्यावर मीटरिंग (उजेडाची मोजणी) चालेल, ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) कॅमेऱ्यातून बदलेल, फोकस मात्र हातानं.

आता यात तुमचं नुकसान किती, हे तुम्हीच ठरवा. इतक्या जवळून फूल टिपताना बरेच जण हातानंच फोकस करतात. आणि तिथं मिररलेस डीएसएलआरच्या फार पुढं आहे. डोळा लावलेला असताना चित्र मोठं करून बघता येतं, फोकसमध्ये असलेल्या कडांना रंग चढतो. जमिनीलगत कॅमेरा धरून स्क्रीन वर वळवली तरी फोकस तोच, वेग तोच, कारण मिररलेसला लाइव्ह व्ह्यू वेगळा असा नसतोच. तुमची जी तक्रार आहे तिचं मूळ हे आहे की डी७५०० चा लाइव्ह व्ह्यू कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र कुठं जास्त स्पष्ट होतंय ते, बघून फोकस शोधतो, म्हणून पुढं-मागं करतो. डोळा लावला की खालचा वेगळा सेन्सर काम करतो, तो लगेच जागेवर येतो.

सगळे डीएसएलआर असे नाहीत हेही लिहिते, म्हणजे गैरसमज नको. कॅननने २०१३ च्या ७०डीपासून सेन्सरवरच फेज डिटेक्ट (लगेच जागेवर येणारी फोकसची पद्धत) दिलं होतं. निकॉनने डी७८० ला दिलं, तो २०२० चा. त्यांचा लाइव्ह व्ह्यू मिररलेससारखाच चालतो.

पक्ष्यांचं सांगते, कारण मायणी-येरळवाडीचा विषय तुम्ही काढलात.

धीवर म्हणजे आपला खंड्या फांदीवर बसलाय. तो कधी सूर मारेल सांगता येत नाही. डीएसएलआरवर मी बटणावर बोट ठेवून बसायची आणि तो उडाल्यावर माझं बोट दाबलं जायचं, फोटोत रिकामी फांदी. नव्या मिररलेसमध्ये आधीच टिपून ठेवायची सोय आहे: बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा सतत फोटो घेत जुने टाकत राहतो, पूर्ण दाबलं की त्याच्या आधीचा काही क्षणांचा साठा कार्डावर जातो. माझ्याकडे पंख मिटून पाण्याकडे निघालेल्या खंड्याचा जो फोटो आहे तो असाच मिळाला. निकॉनमध्ये हे फक्त जेपेगमध्ये होतं, रॉमध्ये (नंतर उजेड सुधारायला वाव देणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) नाही. एक्सपोजर आधीच नीट ठेवावं लागतं.

पक्ष्याचा डोळा ओळखणं चांगलं चालतं, पण पाणकणसात अडकतं. बगळा पानांच्या मागं उभा असला की पुढचं पान धरतो. तिथं छोटा चौकोन निवडून आत घुसवावा लागतो. आणि आवाज नसलेल्या शटरमध्ये उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येऊ शकतात. सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळ ओळ वाचला जातो, तेवढ्यात पंख हललेला असतो. झेड८, झेड९ सारख्या महाग बॉडीत वाचायचा वेग इतका आहे की हे जवळपास दिसत नाही. स्वस्त बॉडीत यांत्रिक शटर वापरा.

वजनाचं जे सांगतात ते पक्ष्यांच्या बाबतीत अर्धंच खरं. बॉडी हलकी होते, लेन्स नाही. माझी २००-५०० एफ माउंटची आहे, २.३ किलो. झेडची १८०-६०० ट्रायपॉड कॉलरसह दोन किलोच्या वरच. तलावाच्या बांधावर पहाटे पट्टकादंबांची वाट बघत बसल्यावर मला डीएसएलआरची एक गोष्ट आठवते: तासभर डोळा लावून बसलं तरी बॅटरी खर्च होत नसे. आता मी दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवते, थंडीत अंगाच्या उबेला.

यवतेश्वर

पाणकावळाताई, फार मोलाचं लिहिलंत. ६० मिमीचं हे मला दोन दुकानांत विचारूनही कुणी सांगितलं नव्हतं. एकानं तर "सगळं चालतंय" म्हणून कॅमेरा पुढं सरकवला होता.

अजून एक. कासला धुकं आणि भुरभुर, आणि पौषात आमचं पालीच्या खंडोबाला जाणं ठरलेलं. तिथं भंडाऱ्याची उधळण कशी असते ते इथल्या कुणाला सांगायला नको. मिररलेसचा सेन्सर उघडा पडतो म्हणतात. त्याचं काय?

पेचकस

सांगलीत कॅमेरे दुरुस्त करतो, त्यामुळं हा प्रश्न माझ्या टेबलावरचा आहे. सावकाश लिहितो.

लेन्स काढली की डीएसएलआरमध्ये समोर आरसा दिसतो, त्याच्या मागं शटर, त्याच्या मागं सेन्सर. मिररलेसमध्ये बहुतेक बॉडीत थेट सेन्सर दिसतो. कॅननच्या आर, आर५, आर६ मध्ये कॅमेरा बंद केला की शटर मिटतं, निकॉनच्या झेड८-झेड९ मध्ये वेगळी झडप आहे. ती सोय चांगली, पण शटरची पाती फार नाजूक असतात. मिटलेल्या शटरवर बोट किंवा ब्लोअरची नळी टेकवू नका. त्या दुरुस्तीपेक्षा सेन्सरची सफाई स्वस्त पडते.

पालीचं म्हणाल तर यात्रेत लेन्स बदलायचीच नाही, कॅमेरा कुठलाही असो. घरून निघताना एक लेन्स लावून निघा, परत घरी आल्यावर काढा. यात्रेनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे पिवळे कॅमेरे येतात. भंडारा नुसता कोरडा असेल तर ब्लोअरनं बराच जातो. पण घामाचा हात लागला, पाण्याचा थेंब पडला, की तो चिकटतो. झूम लेन्सची नळी आत-बाहेर होताना भंडारा आत ओढते, तो मग काचेच्या मागं जाऊन बसतो आणि लेन्स उघडावी लागते. झूम रिंगवर बोट फिरवलं आणि कचकच ऐकू आली की तिथंच थांबा, जोर लावून फिरवू नका. तासगावच्या रथाला गुलालाचं तेच. साधी पारदर्शक पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबर बँड, एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

डीएसएलआरमध्ये धूळ जात नाही असं मात्र नाही. ती आरशाच्या पेटीत आणि वरच्या फोकसिंग स्क्रीनवर बसते. डोळा लावला की ठिपके दिसतात, लोक घाबरून येतात, पण ते फोटोत येत नाहीत. फोटोत आकाशावर ठिपका दिसला आणि ॲपर्चर एफ १६ केल्यावर गडद झाला तर तो सेन्सरवरचा. घरी तपासायला ही रीत पुरेशी आहे.

पावसाचं: बॉडीपेक्षा लेन्स बघा. सीलबंद बॉडीला साधी लेन्स लावली तर पाणी माउंटच्या सांध्यातून शिरतं. कासहून आलात की कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका. पुसा, पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यागत तंतू दिसतात. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून तिरकं बघा. हे आरसा असो वा नसो, दोघांना लागू.

आरशाचा एक तोटा. फोकसचा सेन्सर वेगळा असल्यानं डीएसएलआरमध्ये लेन्स आणि बॉडीचं जुळत नाही, असं होतं. डोळ्यावर फोकस केला, शार्प कान आला. डी७५०० मध्ये त्यासाठी दुरुस्तीचं सेटिंग आहे, लेन्सगणिक आकडा भरता येतो. मिररलेसमध्ये ज्या सेन्सरवर फोटो त्याच सेन्सरवर फोकस, म्हणून ही भानगड जवळपास मिटली. माझं तेवढं काम कमी झालं आणि ते बरंच झालं.

उलट बाजूचा एक धोका. मिररलेस ट्रायपॉडवर लावून सूर्याकडे तोंड करून ठेवू नका. लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करते आणि ते सरळ सेन्सरवर किंवा मिटलेल्या शटरवर पडतं. डीएसएलआरमध्ये आरसा मध्ये असतो, तिथं धोका तुमच्या डोळ्याला: लांब लेन्समधून सूर्य काचेतून कधीच बघू नका. चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या मागं मावळता सूर्य काढणारे पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. टोपण लावून ठेवा.

घाटावरचा_वाईकर

पेचकसदादा, हा प्रतिसाद जपून ठेवलाय.

चष्मेवाल्यांसाठी एक गोष्ट राहिली. माझ्या वडिलांना जवळचा चष्मा आहे. डीएसएलआरवर फोटो काढायला चष्मा वर, मागं काय आलंय ते बघायला चष्मा खाली, असं दिवसभर चालायचं. मिररलेसमध्ये काढलेला फोटो आणि सगळा मेनू डोळ्याजवळच्या पडद्यावरच दिसतो. शेजारचं छोटं चाक फिरवून तो पडदा एकदा नजरेला जुळवला की झालं. मेणवलीच्या घाटावर भर उन्हात मागची स्क्रीन दिसतच नाही, तिथंही हेच कामी येतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी दुकानात जाऊन एकदा डोळा लावून बघाच.

माणदेशी_छकडा

आमच्याकडं बैलगाडी शर्यती. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ ला कायदा उचलून धरल्यापासून मैदानं भरलेली असतात.

छकडा समोरून येताना मिररलेसचा फोकस जबर चिकटतो, बैलावर पण. पण आडवा जाताना आवाज नसलेलं शटर लावू नका, चाक अंड्यागत येतं आणि आरे वाकतात. सोनीचा ए९ थ्री सगळा सेन्सर एकदम वाचतो म्हणून त्यात हे होत नाही, पण तो आपल्या खिशातला नव्हे. कॅमेरा बैलांबरोबर फिरवत काढायचं असेल तर मला अजून आरशाचा डी५०० च बरा वाटतो. साध्या मिररलेसमध्ये भराभर काढताना पडदा नुकताच निघालेला फोटो दाखवतो, बैल तोवर पुढं गेलेला असतो. काचेतनं मध्ये मध्ये काळं होतं, पण दिसतं ते त्या क्षणाचं.

कराडचा_पोरगा

मला फोटोग्राफी शिकायचीय, बजेट ३० हजार. यात नवीन मिररलेस बसत नाही. जुना डीएसएलआर घेऊ का? की थांबू?

जुनी_रीळ

थांबू नकोस. तुझ्यासाठी जुना डीएसएलआर एकदम योग्य. लोक बॉडी बदलतायत, त्यामुळं चांगल्या स्थितीतले कॅमेरे बाजारात येतायत. ५० मिमी एफ १.८ सोबत घे. शटर किती वेळा चाललंय ते बघ, बिल माग, पेचकसांसारख्या माणसाकडून तपासून घे आणि मगच पैसे दे.

नवीन डीएसएलआर मात्र आज कुणाला सुचवणार नाही, आणि हे मी, काचेचा माणूस, लिहितोय. निकॉनचा डी६ आणि डी७८० दोन्ही २०२० चे, कॅननचा १डीएक्स मार्क थ्री आणि ८५०डी पण त्याच वर्षीचे. त्यानंतर या दोघांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही. सोनीनं आपली ए माउंट २०२१ मध्ये बंद केली. पेंटॅक्स तेवढे आरशाला धरून आहेत. २०२० सालीच जगभरात मिररलेसची विक्री डीएसएलआरच्या पुढं गेली. याचा अर्थ तुझा कॅमेरा उद्या बंद पडेल असा नाही. नव्या लेन्स त्या माउंटला येणार नाहीत, एवढाच आहे. आणि शिकायला लागतं ते सगळं जुन्या लेन्समध्ये भरपूर आहे.

हळदबाजार

पोरा, एकच घाल त्यात: पुढं धंद्यात यायचं असेल तर आत्तापासून व्हिडिओचा विचार कर. आजचा गिऱ्हाईक फोटोबरोबर रील मागतो. त्यात डीएसएलआर मागं पडतो. व्हिडिओ चालू केला की आरसा वर जातो, मग डोळा लावायची सोयच संपते, आणि गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांडीवर) वजन पेलावं लागतं.

यवतेश्वर

सगळ्यांचं वाचून माझ्यापुरतं चित्र असं दिसतंय. फोटोचा दर्जा बदलणार नाही, कारण सेन्सर तोच. माझं अडतंय ते जमिनीलगतच्या फोकसला, आणि ते मिररलेसनं सुटतंय. १८-१४० आणि ७०-३०० चालतील. ६० मिमी हातानं. झेड५०टू आणि एफटीझेड, असा विचार करतोय. त्याच्या बॉडीत हादरा सांभाळायची सोय नाही हे वाचलं, पण डी७५०० मध्येही नव्हती.

की दुसरा रस्ता: बॉडी आहे तीच ठेवून जुनी १०५ मिमी व्हीआर (हादरा सांभाळणारी) मायक्रो घ्यावी? ताई, तुमचं काय मत?

पाणकावळा

सर, तुम्ही फुलांवर मन लावून काम करता म्हणून स्पष्ट लिहिते. १०५ घेतलीत तर फुलापासून थोडं लांब राहता येईल. ६० मिमी पूर्ण मोठेपणाला नेली की लेन्सचं तोंड फुलाला जवळजवळ टेकतं, स्वतःचीच सावली पडते. वाटेवरून न उतरता काढायला १०५ सोयीची. पण लाइव्ह व्ह्यूचं दुखणं तसंच राहील, कारण ते बॉडीचं आहे.

माझा क्रम असा असता: आधी झेड५०टू आणि एफटीझेड, यंदाचा हंगाम ६० मिमीवर हातानं फोकस करून काढायचा, पुढच्या वर्षी जमलं तर जुनी १०५ व्हीआर. तिच्यात मोटर लेन्समध्येच आहे, ती एफटीझेडवर फोकसही करते. दोन्हीचे पैसे वसूल होतात.

बॅटरीचा फरक मात्र मनाची तयारी करून घ्या. कंपनीच्या मोजणीत डी७५०० चे ९५० फोटो, झेड५०टूचे अडीचशेच्या आत-बाहेर. बॅटरी वेगळी लागते, जुनी चालत नाही. किमान एक जादा घ्याच. फूल न्याहाळताना पडदा चालू राहतो, तिथंच ती जाते.

यवतेश्वर

ठरलं म्हणायला हरकत नाही. पण माझी ६० मिमी त्या अडॅप्टरवर लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायला मन होत नाही. साताऱ्यात एफटीझेड कुणाकडे बघायला मिळेना.

हळदबाजार

गुरुजी, माझ्या जोडीदाराकडे झेड६ आणि एफटीझेड आहे, व्हिडिओला वापरतो. रविवारी मुहूर्त नाही, आम्ही दुकानातच आहोत. ६० मिमी घेऊन या, सांगलीत गणपतीचं दर्शनही होईल. दुकानाच्या मागं बागेत गवत आहे, हवं तेवढं खाली बसून बघा. पेचकसलाही बोलावतो, तुमच्या लेन्सची टॉर्च मारून तपासणी होऊन जाईल.

पेचकस

येतो. डी७५०० पण आणा, विकायचाय तर शटरचा आकडा काढून देतो. कंपनीनं दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं शटर आहे, तुमचा छंदाचा वापर असेल तर गिऱ्हाईक नक्की मिळेल. कराडच्या पोराचं बजेट थोडं वाढलं तर त्यालाच सांगा.

पाणकावळा

मिरजेहून मीही येईन, माझी १०५ घेऊन. दोन्ही लेन्स एकाच बॉडीवर लावून बघता येतील. सर, कडांना रंग चढवायचं सेटिंग आधीच लाल करून ठेवा. निकॉनमध्ये लाल, पिवळा, निळा, पांढरा असे चार मिळतात. सोनकीवर पिवळा दिसत नाही, सीतेच्या आसवांवर निळा हरवतो, गेंदावर पांढरा. कासच्या गवतात लालच उठून दिसतो, फक्त तेरड्याच्या ताटव्यात गेलात की पांढऱ्यावर आणा.